परसातला उतार सपाट का केला नाही?

घरी पहिल्यांदा येणारं माणूस मागच्या दारी गेलं की हमखास विचारतं, "एवढी जागा आहे, सपाट का नाही करून घेतलीत? दोन दिवस जेसीबी, मागे एक भिंत, की झालं." परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आमचं घर पुण्यात बावधनला, टेकडीच्या पायथ्याशी. परसाचा उतार घराकडे येणारा आहे, 50 फुटांत सुमारे 8 फूट. म्हणजे वर पडलेलं पाणी आमच्या जोत्याकडेच निघालेलं असतं. वाफे कुठे, झाडं कुठली, बसायला कट्टा कुठे, हे सगळं त्या पाण्याची सोय लागल्यावर.

पुण्याचा पाऊस वर्षाला 700-750 मिलिमीटर, टेकड्यांच्या पश्चिमेला आणखी थोडा. कोकणापुढे हा आकडा किरकोळ वाटतो. पण 100 चौरस मीटर जागेवर एका संध्याकाळी 50 मिलिमीटर पाऊस कोसळला, तर 5,000 लिटर पाणी झालं, आणि उतारावर ते थांबत नाही. मला सगळ्यात जास्त धास्ती वळवाची. मे महिन्यात गवत वाळलेलं, माती मोकळी, भुसभुशीत, आणि त्यावर टपोऱ्या थेंबांचा मारा. आषाढातल्या संततधारेआधी या एकदोन सरीच माती घेऊन जातात. आमच्या भागातली माती ओढ्यांनी राम नदीत जाते, तिथून पाषाण तलावात साचते. तलाव गाळाने भरला म्हणून आपण हळहळतो, तेव्हा त्यात आपल्या परसातलीही माती असते.

आता भिंतीचं. सपाट करायचं तर वरच्या टोकाला 8 फूट उंच भिंत लागली असती. मातीचा भिंतीवरचा रेटा उंचीच्या वर्गाच्या पटीत वाढतो. त्यामुळे 8 फुटांच्या भिंतीला अडीच फुटांच्या भिंतीच्या तिप्पट नव्हे, जवळजवळ दहापट रेटा सोसावा लागतो. हे झालं कोरड्या मातीचं. मागे पाणी कोंडलं की पाण्याचा दाब वेगळा, आणि मागे काळी माती असेल तर ती पाणी पिऊन फुगते, तो रेटा आणखी वेगळा. 2019 च्या जूनअखेर कोंढव्यात सोसायटीची भिंत मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली आणि 15 माणसं गेली. पुण्यात पावसाळ्यात भिंत पडल्याची बातमी आली की मला दरवेळी ते आठवतं. उंच भिंत बांधूच नये असं नाही. पण ती स्ट्रक्चरल इंजिनिअरने काढलेली हवी, तिला पाणी बाहेर पडायची भोकं हवीत, त्यांच्यामागे खडी हवी, आणि ती भोकं दरवर्षी कोणीतरी मोकळी करायला हवीत. "एक भिंत, की झालं" म्हणणाऱ्याच्या मनात यातलं काही नसतं.

म्हणून आम्ही एका भिंतीऐवजी तीन बुटक्या दगडी ताली घातल्या, अडीच-अडीच फुटांच्या, एकमेकींपासून चांगल्या 15 फुटांवर. अंतर महत्त्वाचं. उंचीच्या दुपटीहून कमी अंतर ठेवलं, तर वरच्या तालीचं ओझं खालचीवर येतं आणि तीन ताली मिळून एकच उंच भिंत होऊन बसते.

ताल म्हणजे उताराच्या शेतात माती अडवायला रचतात तो दगडी बांध. पुरंदरकडे, साताऱ्याकडे डोंगरउतारावर अजून पुष्कळ दिसतात. आमच्याकडे आलेले गवंडीकाका पुरंदरच्या बाजूचेच. मी सिमेंटचं विचारलं तर म्हणाले, "ताई, माल नको. माल घातला की पाणी कोंडतं." त्यांनी आधी माती काढून पाया मुरमापर्यंत नेला. आपल्याकडे ते सोपं, कारण टेकडीच्या कुशीत माती वीत-दोन वीत, खाली मुरूम आणि त्याखाली काळा बेसॉल्ट. सगळ्यात मोठे डबर तळाला. प्रत्येक दगडाची लांबी उताराच्या आत, तोंड बाहेर. लांब बाजू दर्शनी लावली तर भिंत देखणी दिसते, पण आत धरून काहीच राहत नाही. सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. मधूनमधून आरपार जाणारा एक लांब दगड. दर फुटाला दोन इंच भिंत मागे कलती. दगड हलला तर खाली दगडाची चिप मारायची, पण पुढून नाही, मागून. पाठीमागे वीतभर खडी, खडी आणि माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं, कापड, नाहीतर माती खडीत शिरून पाण्याच्या वाटा बुजवते. काका दगड हातात घेऊन दोनदा फिरवायचे आणि मग जिथे ठेवायचे तिथे तो बसायचाच. हे कसब शिकणारी मुलं कमी होत चालली आहेत. मला त्याचं खरंच वाईट वाटतं. तुमच्या ओळखीत असा कोणी असेल तर त्याला काम द्या, आणि मजुरीवर घासाघीस करू नका.

ताली घालण्याच्याही आधी सगळ्यात वर, कुंपणाजवळ, आडवा चर खणला होता. शंभर फुटांना एक फूट एवढाच उतार, तळाला दगड लावलेले. टेकडीवरून येणारं पाणी तो परसात शिरण्याआधीच अडवतो आणि बाजूने सोसायटीच्या पावसाळी गटाराकडे नेतो. पातळी गवंड्यांच्या पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने काढली. यासाठी यंत्र लागत नाही. शोषखड्ड्याचा सल्ला पुष्कळांनी दिला. शोषखड्डा चांगलाच, पण तालीच्या डोक्यावर किंवा जोत्याला लागून नको. तिथे मुरवलेलं पाणी थेट भिंतीच्या पाठीत किंवा पायाखाली जातं.

लागवडीत मी वाळ्याला पहिला मान देते. तालींच्या वरच्या काठाने, समपातळीत, वीत-अर्ध्या वीतीवर ठोंब लावले. त्याची मुळं आडवी न पसरता सरळ खाली जातात, दहा फुटांपर्यंतही, म्हणून दगड उचकटत नाहीत. वड, पिंपळ, उंबर यांचं रोप सांध्यात उगवलं तर लहान असतानाच काढा. बाकी कढीपत्ता, लिंबू, गवती चहा, कडेला करवंद आणि धायटी. लॉन मला उतारावर पटत नाही. उन्हाळाभर पाणी मागतं आणि त्याची उथळ मुळं खोलवरचा उतार धरत नाहीत.

आईचे गुडघे दुखतात, म्हणून वाट सरळ वर न नेता तिरकी वळवत नेली आणि एका बाजूला कठडा केला. ती रोज वरच्या टप्प्यावर जाऊन कढीपत्ता तोडून आणते.

तुम्ही करणार असाल तर खणायचं आणि दगडाचं काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उरकून घ्या, वळीव यायच्या आत. लागवड जूनमध्ये, जमीन नीट भिजल्यावर. पहिल्या पावसाळ्यात प्रत्येक मोठ्या सरीनंतर चरातला पालापाचोळा काढा आणि तालींकडे कडेने बघा. कुठे पोट काढलेलं दिसलं तर तेवढा भाग उतरवून परत रचता येतो, एका दिवसाचं काम आहे. मात्र जुन्या सिमेंटच्या उंच भिंतीने पोट काढलं असेल तर हात लावू नका. तिच्याजवळ मुलांना खेळू देऊ नका आणि पावसाआधी इंजिनिअरला बोलवा.