तुम्ही विचारलंत म्हणून: अकिनाचा उतार

'निम्म्या घाटापर्यंत वेळ छान लागते, मग त्या पाच हेअरपिनमध्ये (जवळपास उलट फिरणाऱ्या तीव्र वळणांमध्ये) गाडी भिंतीला घासते आणि सगळं मुसळ केरात. चुकतं कुठे?' सेगाच्या 'इनिशियल डी आर्केड स्टेज' या घाटातल्या शर्यतीच्या आर्केड गेममधल्या अकिनाच्या डाउनहिलबद्दल, म्हणजे घाट उतरायच्या शर्यतीबद्दल, हा प्रश्न सतत येतो. थोडक्यात सांगायचं तर ब्रेक उशिरा लागतो, आणि तो उशीर स्टिअरिंग फिरवून भरून काढायचा प्रयत्न होतो. तो कधीच भरून निघत नाही.

अकिना म्हणजे जपानच्या गुन्मा प्रांतातला हारुना डोंगर. रस्ता वरच्या तळ्याच्या बाजूने खाली उतरतो. उतारावर गाडी वेग पटकन धरते आणि थांबायला जास्त अंतर घेते, म्हणून चढाच्या वेळी पाठ केलेली ब्रेकची जागा इथे उपयोगाची नाही. सरळ रस्त्यावर गाडी आपोआप पळते. वेळ कमावायची ती ब्रेकवर.

खेळायच्या आधी सीट पुढे-मागे करून घ्या. ब्रेक तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पेडल दोनच आहेत, क्लच नाही, तेव्हा डावा पाय ब्रेकवरच ठेवायची सवय लावा. गिअर मॅन्युअल घ्या, कारण ऑटोमॅटिक हेअरपिनमधून बाहेर पडताना तुम्हाला हवा तेव्हा हवा तो गिअर देत नाही. हात स्टिअरिंगवर घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी असू द्या आणि वळणातही तिथून सोडू नका. या स्टिअरिंगला खऱ्या गाडीसारखे वेढे मारावे लागत नाहीत.

आता एक हेअरपिन नीट बघू, समजा डावीकडचं. गाडी उजव्या कडेला आणा. जपानमध्येही आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक असते, त्यामुळे हात नकळत डाव्या लेनला चिकटतात. इथे समोरून कोणी येत नाही, पूर्ण रस्ता तुमचा आहे. स्टिअरिंग सरळ असतानाच ब्रेक पूर्ण दाबा आणि गिअर एकेक करून खाली आणा. बहुतेक गाड्यांना तिसरा पुरतो, काहींना दुसरा लागतो. वेग उतरला की ब्रेक हळूहळू सोडत एकदाच वळवा आणि हात तिथेच धरून ठेवा. आतली कड वळणाच्या मध्यावर नव्हे, मध्य ओलांडल्यावर गाठा. बाहेरचा रस्ता दिसू लागला की स्टिअरिंग सरळ करत करत गॅस वाढवा.

गाडी नेमकी कुठे लागते ते बघा, चूक तिथेच कळते. वळणाच्या पहिल्या अर्ध्यातच बाहेरच्या भिंतीला लागली तर ब्रेक उशिरा लागला. अशा वेळी स्टिअरिंग आणखी फिरवलं की पुढची चाकं नुसती घसटतात, वेग मरतो आणि गाडी सरळच जाते. बाहेर पडताना लागली तर गॅस लवकर दिला किंवा वळायची घाई झाली. आतल्या बाजूला लागली तर ती निव्वळ घाईच. आणि भिंतीचा फटका इथे महाग आहे: लागल्यावरही काही वेळ गाडी नीट वेग धरत नाही. म्हणून आत शिरतानाचा वेग स्पीडोमीटरवर पाहून ठेवा आणि गाडी लागली तर पुढच्या फेरीत त्याच वळणात दहा किलोमीटरने कमी वेगात शिरा. कंटाळवाणं वाटेल, पण वेळ कमी झालेली दिसते.

पाच हेअरपिन एकामागोमाग येतात तिथे मात्र हे गणित बदलतं, आणि बहुतेकांची वेळ इथेच वाया जाते. डाव्या वळणातून नेहमीसारखं बाहेर पडलात तर गाडी उजव्या कडेला जाते. पण पुढचं वळण उजवं आहे, त्यासाठी गाडी डावीकडे हवी. म्हणजे पहिल्या चारांतून बाहेर पडताना गाडी रुंद जाऊ द्यायची नाही. गॅस थोडा रोखा, गाडी आतच ठेवा. मधल्या तुकड्यात वरचा गिअर टाकायचा मोहही आवरा, कारण लगेच खाली यायचं असतं. पाचवं वेगळं. त्याच्यानंतर वेगाचा रस्ता आहे, तेव्हा त्यात सगळ्यात संथ शिरा आणि सगळ्यात लवकर पूर्ण गॅस द्या. पाचापैकी एकच शिकायला वेळ असेल तर हेच शिका.

सराव टाइम अटॅकमध्येच करा, म्हणजे एकट्याने फक्त घड्याळाशी. दोघांच्या शर्यतीत मागे पडलेल्या गाडीला बूस्ट, म्हणजे जादा वेग, मिळतो, त्यामुळे तिथली वेळ खरी समजू नका. एका फेरीत एकच तुकडा मनावर घ्या, बाकीचा रस्ता फक्त न लागता पार करा. रस्ता कोरडा असताना सलग तीन फेऱ्या भिंतीला न लागता झाल्या की मगच ओला रस्ता घ्या, आणि तिथे प्रत्येक ब्रेक थोडा आधी.

इरोहाझाकाबद्दलही विचारता. तोचिगीतल्या त्या घाटाच्या दोन रस्त्यांवर मिळून 48 वळणं आहेत, आणि गेममधला रस्ताही जवळपास हेअरपिनचाच बनलेला आहे. अकिनाची पाच वळणं हात न सोडता जमू लागली की तिकडे जा. त्याआधी गेलात तर ब्रेक उशिरा लावायची सवय तिथे आणखी पक्की होते.