‘फ्रेझर’चे कुठले भाग बघावेत, कुठले सोडावेत

तालमीत टायमिंगचा विषय निघाला की माझ्या तोंडी ‘फ्रेझर’ या विनोदी मालिकेचं नाव येतंच, आणि त्यामागून ठरलेला प्रश्नही येतो: “ताई, 264 भाग बघणार कोण? चांगले कुठले तेवढे सांगा. वाईट कुठले तेही सांगा, म्हणजे सोडता येतील.” आजवर ज्याला त्याला सुचेल तसं उत्तर देत आले. आता तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

ज्यांनी मालिका बघितलेलीच नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. 1993 ते 2004 अशी अकरा सीझन ही मालिका अमेरिकेत एनबीसी या वाहिनीवर चालली. फ्रेझर क्रेन हा मानसोपचारतज्ज्ञ मुळात ‘चिअर्स’ या आधीच्या मालिकेतला, बॉस्टनच्या बारमध्ये बसणारा. घटस्फोटानंतर तो आपल्या गावी, सिॲटलला परततो आणि रेडिओवरून लोकांना सल्ला द्यायला लागतो. त्याच्या उंची, नीटनेटक्या फ्लॅटमध्ये वडील राहायला येतात. मार्टिन, पोलीस खात्यातला माणूस, कमरेत गोळी लागल्यामुळे निवृत्त झालेला. सोबत एडी नावाचा कुत्रा आणि जागोजागी चिकटपट्टी मारलेली आरामखुर्ची. त्यांच्या देखभालीला डॅफ्नी ही इंग्लंडहून आलेली मुलगी. धाकटा भाऊ नाइल्स, तोही मानसोपचारतज्ज्ञ, लग्न झालेला. पहिल्याच भेटीत त्याचा डॅफ्नीवर जीव जडतो आणि पुढे सात वर्षं त्याला ते धड बोलता येत नाही. रेडिओवरची रॉझ ही कार्यक्रमाची निर्माती. बस, माणसं एवढीच.

सर्वोत्तम भाग म्हणाल तर ‘द स्की लॉज’. पाचवा सीझन, फेब्रुवारी 1998, लेखन जो कीननचं, दिग्दर्शन डेव्हिड लीचं. रॉझला सोडतीत बर्फातल्या एका लॉजची सहल मिळते. ती गरोदर असल्यामुळे तिला जाता येत नाही, म्हणून फ्रेझर ती सहल तिच्याकडून घेतो आणि घरच्यांना घेऊन निघतो. डॅफ्नीची देखणी मैत्रीण ॲनी सोबत येते. तिथे गी नावाचा फ्रेंच स्की शिकवणारा भेटतो. मार्टिनच्या कानांना दडे बसलेत, त्यामुळे त्याला अर्धंच ऐकू येतं आणि तो पुढे सांगतो ते भलतंच असतं. आता कोण कोणाच्या मागे ते बघा: फ्रेझर ॲनीच्या, ॲनी नाइल्सच्या, नाइल्स डॅफ्नीच्या, डॅफ्नी गीच्या आणि गी परत नाइल्सच्या. रात्र होते, दिवे मालवले जातात आणि झोपायच्या खोल्यांची दारं उघडायला लागतात.

या भागाची बांधणी बघण्यासारखी आहे. कीनन बराच वेळ दार उघडूच देत नाही. आधी प्रत्येकाला काय हवंय ते एकेका साध्या वाक्यात आपल्या कानावर घालून ठेवतो. तेव्हा फारसं हसूही येत नाही. नंतर धावपळ सुरू झाली की एकाही प्रवेशात कोणी काही समजावून सांगत बसत नाही, कारण आपल्याला सगळं माहीत असतं. अंधारात कोणीतरी कोणाच्या तरी पलंगाकडे निघालं की पुढे काय होणार हे आपल्याला त्याच्याआधी कळतं. सगळा घोळ उघड झाल्यावर फ्रेझर मधोमध उभा राहतो आणि त्याच्या ध्यानात येतं की रात्रभर या घरात जी ओढ वाहत होती, त्यात एक जणही त्याच्या मागे नव्हता. हा शेवट पाच वर्षं ओळखीच्या झालेल्या माणसाचा आहे. स्वतःच्या मोठेपणावर फ्रेझरचा किती विश्वास आहे, हे ज्याला ठाऊक नाही त्याला तो अर्धाच पोचेल.

म्हणूनच “सर्वोत्तम भाग सांगा, तेवढाच बघतो” म्हणणाऱ्याला मी ‘द स्की लॉज’ आधी बघू नका असं सांगते. फार्स ओळखीवर चालतो. मराठी प्रेक्षकाला हे नव्याने सांगायला नको. बबन प्रभू आणि आत्माराम भेंडे यांनी तो आपल्या रंगभूमीवर रुजवला तेव्हाही प्रेक्षक त्या दोघांची चाल, बोलणं, थांबणं ओळखूनच नाट्यगृहात शिरत होता. ‘फ्रेझर’ची गंमतही रंगमंचाचीच आहे. चित्रीकरण प्रेक्षकांसमोर व्हायचं. मार्टिनचं काम करणारा जॉन महोनी हा शिकागोच्या स्टेपनवुल्फ थिएटरमधून आलेला आणि 1986 साली नाटकासाठी टोनी पुरस्कार मिळवलेला नट. मार्टिन खुर्चीत बसल्या बसल्या समोर चाललेलं बघतो आणि हशा ओसरेपर्यंत काहीच करत नाही, तेव्हा नुसतं त्याच्याकडे बघा. ते थांबणं मी माझ्या मुलांना पुन्हा पुन्हा दाखवते.

कीननचा आणखी एक भाग घ्या. दुसऱ्या सीझनमधला ‘द मॅचमेकर’ हा त्याचा पहिला. डॅफ्नीसाठी स्थळ म्हणून फ्रेझर रेडिओच्या नव्या मॅनेजरला जेवायला बोलावतो. मॅनेजर समलिंगी आहे, आणि फ्रेझरने आपल्याला स्वतःसाठीच बोलावलंय असं त्याला वाटतं. 1994 सालचा हा भाग आज बघतानाही अंगावर येत नाही, कारण त्यात त्या पाहुण्याची टिंगल कुठेच नाही. हसू येतं ते फ्रेझरच्या आत्मविश्वासाचं. ‘हॅम रेडिओ’ हा चौथ्या सीझनमधला, डेव्हिड लॉइडने लिहिलेला भाग तर नाटक बसवणाऱ्या प्रत्येकाने बघावा. फ्रेझर जुन्या धर्तीची रहस्यमय श्रुतिका बसवतो, सूचना देऊन देऊन नटांना जेरीस आणतो, आणि ऐन प्रक्षेपणात अनेक भूमिका गळ्यात पडलेला नाइल्स सगळी पात्रं एका दमात गोळ्या घालून संपवतो. दिग्दर्शकाचा हट्ट कुठे थांबायला हवा हे त्या वीस-बावीस मिनिटांत लख्ख दिसतं.

दारांच्या धावपळीशिवायही मालिका काय करू शकते ते बघायचं असेल तर ‘थ्री व्हॅलेंटाइन्स’, सहावा सीझन. त्याचा पहिला तुकडा जवळपास शब्दांविना आहे. नाइल्स फ्रेझरच्या घरी एकटा, एका बाईची वाट बघतोय, अंगात सूट. पँटच्या इस्त्रीत त्याला काहीतरी खटकतं. ती काढून तो इस्त्रीला घेतो. एक सुटा धागा दिसतो, कात्रीने कापायला जातो, बोट कापतं. रक्त बघून भोवळ येते. शुद्धीवर येतो तर सोफ्यावर रक्ताचा डाग. डाग काढायला ज्वालाग्राही द्रव आणतो, पुन्हा बोटाकडे नजर जाते, पुन्हा भोवळ. इकडे इस्त्री पँटवरच राहिलेली. शेवटी आग. यातली एकेक पायरी तपासून बघा, त्या क्षणी कुठलाही व्यवस्थित माणूस तेच करेल. डाग पडला तर पुसायचा, धागा सुटला तर कापायचा. नाइल्सचं काम करणारा डेव्हिड हाइड पिअर्स कुठेही विनोद करत नाही, तो फक्त मन लावून काम करतो. नव्या नटाला हेच पटवून देता देता माझी सगळी तालीम खर्ची पडते.

पण मला स्वतःला सगळ्यात जवळचा वाटतो तो पहिल्या सीझनचा शेवटचा भाग, ‘माय कॉफी विथ नाइल्स’. अख्खा भाग त्यांच्या नेहमीच्या कॅफे नर्व्होसात घडतो. गोष्टीतला वेळ आणि आपल्या घड्याळातला वेळ एकच. नाइल्स भावाला विचारतो, तू सुखी आहेस का? फ्रेझर उत्तर टाळतो. दरम्यान त्याची कॉफी येते, पण हवी तशी नाही. परत जाते. पुन्हा येते, पुन्हा काहीतरी बिनसलेलं. मार्टिन, डॅफ्नी, रॉझ येऊन जातात, प्रत्येकाबरोबर फ्रेझरच्या या नव्या वर्षाचा एकेक धागा उलगडतो. शेवटी कॉफी मनासारखी येते. आता खूश आहात ना, असं वेट्रेस विचारते ते कॉफीबद्दल, आणि फ्रेझर उत्तर देतो ते भावाच्या प्रश्नाला: हो, सगळं जमेस धरलं तर आहे. कुठेही ठासून सांगितलेलं नाही. डेव्हिड एंजेल आणि पीटर केसी यांनी लिहिलेला भाग आहे हा. दोघंही मालिकेच्या तीन निर्मात्यांपैकी, तिसरा डेव्हिड ली. एंजेल आणि त्याची पत्नी 11 सप्टेंबर 2001 रोजी अपहरण झालेल्या विमानात होते. मालिकेच्या शेवटच्या भागात नाइल्स आणि डॅफ्नीच्या बाळाचं नाव डेव्हिड ठेवलं आहे ते त्याच्या आठवणीसाठी.

आता वाईट भाग. इथे मला राग येतो आणि तो मी लपवत नाही. आठव्या सीझनमध्ये जेन लीव्ह्स, म्हणजे डॅफ्नीचं काम करणारी नटी, खरोखरीच गरोदर होती. मालिकेने त्यावर मार्ग काढला तो असा की डॅफ्नी खात सुटते आणि जाड होते. मग काही भागांत तिच्या वजनावर विनोद. ती पडली तर तिला उचलायला किती जण लागतात, यावर विनोद. शेवटी तिला वजन उतरवायला कुठेतरी पाठवून देतात. सात वर्षं ही मालिका माणसांच्या दिखाऊपणावर हसली, भित्रेपणावर हसली, खोटेपणा उघडा पडला त्यावर हसली, आणि ते सगळं माणसाच्या हातातलं होतं. इथे पहिल्यांदाच ती शरीराला हसली, तेही एका गरोदर बाईच्या. ज्या घरातल्या माणसांना आपण प्रेमळ म्हणून ओळखत होतो, ती एकाएकी कोत्या मनाची वाटायला लागली. ओळखच मोडली की पुढच्या विनोदाला पाय ठेवायला जागा राहत नाही. एक मात्र मान्य करायला हवं, ती परत येते तो ‘डॅफ्नी रिटर्न्स’ चांगला आहे. नाइल्सने इतकी वर्षं तिला देव्हाऱ्यात बसवलं होतं, तिच्याकडे माणूस म्हणून बघितलंच नव्हतं, हा मुद्दा त्यात गांभीर्याने घेतला आहे.

डॅफ्नीचा भाऊ सायमन आवडणारे पुष्कळ आहेत. ती भूमिका करणाऱ्या अँथनी लापाग्लियाला एमी हे टीव्हीचं मोठं पारितोषिकही मिळालं. मला ते भाग नकोसे होतात. तो येतो, पितो, पसरतो, ओरडतो. त्याला काही लपवायचं नाही आणि काही मिळवायचंही नाही, त्यामुळे तो आला की बाकीच्यांनाही फक्त वैतागण्याचं काम उरतं.

“नाइल्स आणि डॅफ्नी एकत्र आले आणि मालिका बिघडली,” असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. सातव्या सीझनमध्ये पाठदुखीच्या औषधाच्या गुंगीत फ्रेझर डॅफ्नीला सांगून टाकतो की नाइल्सचं तुझ्यावर प्रेम आहे. तिथून सगळं उलटतं. सात वर्षं त्याला माहीत होतं आणि तिला नव्हतं. आता तिला माहीत आहे, आणि तिला माहीत आहे हे त्याला माहीत नाही. जेन लीव्ह्सने ते महिने नुसत्या नजरेवर पेललेत. बिघडलं ते एकत्र आल्यानंतर, कारण या दोघांना एकमेकांकडून आता काय हवंय हे कोणी ठरवलंच नाही. दोन चांगली माणसं सोफ्यावर बसून राहिली. नववा आणि दहावा सीझन मी क्वचित लावते. शेवटच्या सीझनला लेखक-निर्माता ख्रिस्तोफर लॉइड आणि कीनन परत आले, आणि पडद्यावर कधीही न दिसलेली नाइल्सची पहिली बायको मॅरिस खुनाच्या प्रकरणात अडकली, तेव्हा मालिकेत पुन्हा जीव आला.

तर बघायचं कसं? पहिला भाग चुकवू नका. त्यात बापलेक कडाडून भांडतात, आणि मग मार्टिन मुलाच्या रेडिओ कार्यक्रमालाच फोन लावून जे समोर बोलता येत नाही ते बोलतो. पहिले दोन सीझन ओळीने बघा, घाई करू नका. तिसऱ्यात ‘मून डान्स’ येईल, नाइल्स आणि डॅफ्नीचा टँगो, त्यात तिला वाटतं तो नाटक करतोय. पाचव्याला पोचाल तेव्हा ‘द स्की लॉज’ तुमचा झालेला असेल. सातवा पूर्ण. आठव्यातले ते भाग खुशाल सोडून द्या. अकरावा पूर्ण. सबटायटल्स लावा, कारण दोघं भाऊ एकमेकांचं वाक्य संपायच्या आत बोलतात.

2023 मध्ये आलेल्या नव्या ‘फ्रेझर’बद्दलही विचारतात. तो बॉस्टनमध्ये घडतो, दोन सीझन चालला. महोनी 2018 मध्ये गेला, पिअर्स त्यात नाही. पहिला भाग महोनीला अर्पण केलेला आहे, तेवढा बघा. पुढचे बघण्याऐवजी मी सातवा सीझन पुन्हा लावते.