सर्व्हरची एकही मेल नाही

कॉलेजचा सर्व्हर मी सांभाळतो. रजेवरून आलो, मेल उघडली. सर्व्हरकडून काहीच नाही. बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

मग लॉग, म्हणजे सर्व्हरच्या कामांच्या नोंदी, चाळत बसलो. सगळं जागच्या जागी. सुरक्षेचे अपडेट रात्री आपोआप बसलेत, जुने लॉग आवरून ठेवलेत, बॅकअप पलीकडच्या मशीनवर पोचलाय. वेबसाइटच्या सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्रही नवं. ते ९० दिवसांचं. सर्टबॉट नावाचा प्रोग्राम दिवसातून दोनदा बघून जातो आणि महिनाभर उरला की स्वतःच बदलतो. पूर्वी ही धावपळ माझी असायची, तीही नेमकी निकालाच्या तोंडावर. लोक म्हणायचे, "बरं झालं तुम्ही होतात." आज मॅडम म्हणाल्या, "अरे, तुम्ही रजेवर होतात?"

लागलं जरा.

ही प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट संस्थेनेही २०२५ च्या जूनपासून मुदत संपत आल्याच्या मेल बंद केल्यात. बहुतेकांचं नूतनीकरण आता आपोआपच होतं म्हणे. बरोबरच आहे. तरी तेवढीच एक मेल यायची.

आणि सर्व्हरला गप्प बसायला शिकवलं कोणी? मीच. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनचा स्वभावच असा, की कामाने काही मजकूर छापला तरच मेल. मी एकेका स्क्रिप्टचं तोंड बंद करत गेलो. आता काम नीट झालं तरी शांतता, आणि क्रॉनच मेला तरी शांतताच. म्हणून बाहेरच्या एका मशीनला त्याची नाडी बघायला बसवलंय. तेही गप्पच असतं.

 

तर मुद्दा काय, माझी गरज उरली नाही? हे मनात घोळवत असतानाच लॉगिन केल्यावरची ओळ दिसली: रीस्टार्ट आवश्यक. नवा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, येऊन पडलाय, चालतोय मात्र जुनाच. सगळं स्वयंचलित केलं, रीबूट तेवढं हातात ठेवलंय. कारण विचाराल तर सांगेन, प्रवेशाचे फॉर्म भरणं चालू असताना मशीन मध्येच बसायला नको. कारण खोटं नाही. पण पहाटेची वेळ ठरवून देता येते, कॉन्फिगमध्ये दोन ओळी लागतात, आणि त्या दोन्ही मला पाठ आहेत.

रविवारी पहाटे उठून करीन. अलार्म लावलाय.