एका मुलाच्या वाट्याचे चार तास : नववीला संगणक शिकवतानाचा माझा अनुभव

तुकडीत ५४ मुलं, लॅबमध्ये चालू मशीन ९, आठवड्याला ३५ मिनिटांच्या दोन तासिका. अर्धी तुकडी एका तासिकेला, अर्धी दुसरीला, तरी एका मशीनवर तिघं बसतातच. सुरुवातीची आणि शेवटची पाच-पाच मिनिटं सोडली तर प्रत्येकाला आठ मिनिटं कीबोर्ड मिळतो. सुट्ट्या, परीक्षा, स्नेहसंमेलन आणि लाईट गेलेले दिवस वजा करून वर्षात तीसेक आठवडे हाती लागतात. म्हणजे एका मुलाला वर्षभरात चार तास. हा हिशोब मांडल्यावर ‘संगणकाच्या पिढ्या’ आणि ‘इनपुट साधनांची नावे’ मी घरी वाचायला देऊन टाकली. पेंटमधलं घर, डोंगर आणि सूर्यही बंद केला.

तिघांना कामं वाटून दिलेली असतात. एकाचे हात कीबोर्ड-माउसवर, दुसरा तोंडाने पायऱ्या सांगतो, तिसरा त्या वहीत लिहितो. आठ मिनिटांनी खुर्च्या बदलायच्या. सांगणाऱ्याने माउसला हात लावायचा नाही, हा एकच नियम मी कडक पाळतो. तो ढिला पडला की घरी लॅपटॉप असलेला मुलगा सगळं करतो आणि बाकीचे दोघं टीव्ही बघितल्यासारखे बसून राहतात. जुन्या हार्डडिस्कची मशीन चालू व्हायला तीन-चार मिनिटं घेतात, म्हणून ती मधल्या सुट्टीतच चालू करून ठेवायची.

पहिल्या दिवशी मशीनपेक्षा विजेचा बोर्ड आधी तपासावा. कॅबिनेटच्या पत्र्याला बोट लावल्यावर चुणचुण जाणवली तर अर्थिंग नाही, किंवा तारेचा सांधा सुटलाय. वायरमनकडून ते करून घेतल्याशिवाय मुलांना बसवत नाही. यूपीएसची १२ व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते. मग लाईट जाताच मशीन धाडकन बंद. त्यामुळे ‘दर दोन ओळींनंतर कंट्रोल-एस’, म्हणजे फाईल सेव्ह करायची, ही सवय पहिल्याच दिवसापासून लावतो.

मुलांना मोबाईल माझ्यापेक्षा चांगला येतो, पण फाईल कुठे असते हे त्यांना ठाऊक नसतं. मोबाईलमध्ये फोटो ‘गॅलरीत’ असतो, संपलं. इथे मात्र मागच्या आठवड्याची फाईल शोधताना ‘सर, फाईल उडाली’ असा गलका होतो. फाईल उडालेली नसते. मूल दुसऱ्याच मशीनवर बसलेलं असतं, नाहीतर फाईल ‘डॉक्युमेंट१’ नावाने कुठल्यातरी फोल्डरात पडलेली असते. म्हणून पहिले तीन आठवडे एवढंच: डी ड्राइव्हमध्ये तुकडीचं फोल्डर, त्यात आपल्या हजेरी क्रमांकाचं फोल्डर, त्यात फाईल. नाव ‘०७_अर्ज’ असं. मग तीच फाईल कॉपी करायची, हलवायची, पुसायची, रिसायकल बिनमधून परत आणायची. ‘सेव्ह’ आणि ‘सेव्ह ॲज’ यांतला फरक सांगून कळत नाही. आईच्या नावाचा अर्ज उघडून त्यात वडिलांचं नाव घालायला लावायचं आणि सेव्ह करायला सांगायचं. आईचा अर्ज गेलेला दिसला की फरक कळतो. मशीन मात्र वर्षभर प्रत्येकाचं ठरलेलं ठेवावं.

सगळ्यात जास्त वेळ मी मराठी टायपिंगला देतो, आणि गंमतही त्यातच आहे. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज या वाटेने मराठी जोडायची. पुढे विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून भाषा बदलता येते. मी इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिपींसाठी ठरवलेली कळांची रचना, शिकवतो. इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवणारा कीबोर्ड पहिल्या दिवशी सोपा वाटतो, पण ण-न, ळ-ल, श-ष आले की मुलं सुचवलेल्या शब्दांतून निवडत बसतात. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. क ‘के’वर, ख त्याच कळीवर शिफ्टसह. ग ‘आय’वर, घ शिफ्टसह. ही रचना मराठी मुलाला वर्णमालेमुळे चटकन बसते. लॅबमध्ये नसलेल्या अर्ध्या तुकडीला वहीत कीबोर्ड काढून त्यावर बोटं फिरवायला लावतो.

अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. हाताने लिहिताना पहिली वेलांटी आपण अक्षराच्या आधी काढतो, म्हणून मुलं ‘किरण’ लिहायला आधी वेलांटीची ‘एफ’ दाबतात आणि ठिपक्यांचं गोल उमटतं. इथे बोलण्याचा क्रम चालतो: आधी क, मग वेलांटी. के, एफ, जे, शिफ्ट-सी. रफाराचं उलटं. वहीत तो शेवटी डोक्यावर चढतो, इथे र आधी येतो. ‘सूर्य’ म्हणजे एम, टी, जे, डी आणि य ची तिरकी रेघ असलेली कळ. ‘डी’ला आम्ही ‘पाय मोडायची कळ’ म्हणतो. व्याकरणाच्या तासाला पाय मोडका र ऐकलेला असतो, तो इथे कामाला येतो. ‘प्रकाश’मध्ये प चा पाय मोडतो, ‘सूर्य’मध्ये र चा. हे फळ्यावर शब्द फोडून दाखवलं की जोडाक्षरं आपोआप सुटायला लागतात.

एक शब्दजोडी मी मुद्दाम देतो: दर्या आणि दऱ्या. पहिला समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. पहिल्याला साधा र, म्हणजे ‘जे’. दुसऱ्याला शिफ्ट-जे. पुढे दोन्हींत डी, य आणि काना. ‘दुसऱ्या’, ‘वऱ्हाड’, ‘तऱ्हा’ याच कळीने येतात. ही कळ माहीत नसल्यामुळे छापील पत्रिकांवरही ‘दुसर्या’ दिसतं.

शाळेतल्या जुन्या प्रश्नपत्रिकांच्या फाईली मुलांना उघडायला देऊ नयेत. त्या जुन्या फॉन्टमध्ये असतात. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले, त्यामुळे फॉन्ट नसलेल्या मशीनवर नुसती इंग्रजी बडबड दिसते आणि मुलं भाषा बदलण्याच्या कळा दाबत बसतात.

एक्सेलला तीन आठवडे पुरतात. चाचणीचे गुण, बेरीज, सरासरी, क्रम लावणे, बस. नेहमीची चूक म्हणजे एकाच चौकटीत ‘४० रु.’ लिहिणं. एक्सेल त्याला मजकूर समजतं आणि बेरजेत धरत नाही. ओळख सोपी: आकडा उजवीकडे चिकटला तर संख्या, डावीकडे चिकटला तर मजकूर.

उरलेला वेळ ऑनलाइन फॉर्मचा. शिष्यवृत्ती असो वा अकरावी प्रवेश, मुलं सायबर कॅफेत पैसे देऊन येतात ती मुख्यतः फोटोच्या आकारामुळे. मोबाईलचा ३००० बाय ४००० पिक्सेलचा फोटो पेंटमध्ये उघडायचा, रिसाइझमध्ये पिक्सेल निवडून आडवे ३०० टाकायचे, उभे ४०० आपोआप येतात. मग ‘सेव्ह ॲज’मधून जेपीईजी. तोच फोटो पीएनजीमध्ये ठेवला तर कितीतरी जड होतो. दुसऱ्याच्या मशीनवर फॉर्म भरताना कंट्रोल-शिफ्ट-एन दाबून खासगी खिडकी उघडायची, आणि ओटीपी विचारणाऱ्या फोनला काहीही सांगायचं नाही. १९३० हा सायबर तक्रारीचा क्रमांक वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतो.

‘सर, नेट गेलं’ म्हटलं की आधी कोपऱ्यातली तारीख बघतो. मदरबोर्डवरचा, म्हणजे मशीनच्या आतल्या मुख्य पाटीवरचा, सीआर २०३२ हा बटणसेल संपला की मशीन काही वर्षं मागे जातं आणि ब्राउझर सुरक्षेचं कारण देऊन साइट उघडत नाही. सेल बदलायचा, तारीख लावायची.

मे महिन्यात सगळे प्लग काढून, मशीन झाकून ठेवावी. तरी जूनमध्ये दमट हवेने एखादं मशीन नुसत्या बीप देतं आणि पडदा काळाच राहतो. वायर काढून रॅम (आतली मेमरीची पट्टी) बाहेर घ्यायची, तिच्या सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या पुसायच्या, कीस झटकून खाचेत दोन्ही बाजूंच्या खटक्यांचा आवाज येईपर्यंत दाबायची. हे काम मी दहावीत गेलेल्या मुलांकडूनच करून घेतो.