ताप उतरल्यानंतरची रात्र

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, भांडुपला आमच्या इमारतीच्या जिन्यालासुद्धा ओल आलेली असताना, माझ्या सव्वा वर्षाच्या लेकीला ताप आला. संध्याकाळी पाळणाघरातून घेतली तेव्हा अंग नुसते कोमट लागत होते. रात्री साडेदहाला काखेत थर्मामीटर लावला तर १०३.४ आकडा आला आणि तिच्या श्वासाचा चटका माझ्या मानेला जाणवू लागला. तळपाय मात्र गारठलेले होते. "एवढा ताप आणि पाय असे गार कसे? मोजे घाल तिला, गोधडीत गुंडाळ," असे सासूबाई म्हणाल्या आणि घाबरून मीही तेच करायला निघाले होते.

डॉक्टरांनी फोनवरच थांबवले. ताप चढत असताना मेंदूतले तापमान सांभाळणारे केंद्र आपली पातळी वर नेऊन ठेवते आणि तिथवर पोहोचण्यासाठी शरीर हातापायांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसून उष्णता आत राखते. म्हणून कपाळ आणि पोट तापलेले असते, हातपाय गार पडतात आणि कधीकधी हुडहुडी भरते. उतरताना हेच उलटे होते, रक्तवाहिन्या मोकळ्या होतात आणि मूल घामाघूम होते. म्हणजे गार पायांचा अर्थ बहुतेक वेळा ताप अजून चढतो आहे एवढाच असतो. तिला पातळ सुती झबले घातले, पंखा मंद ठेवला आणि कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने अंग पुसले. आमच्या लहानपणी कपाळावर कोलनवॉटरच्या पट्ट्या ठेवत असत. त्यातले अल्कोहोल लहान मुलांच्या त्वचेतून आणि श्वासातून अंगात जाऊ शकते, म्हणून ती सवय सोडायलाच हवी.

त्याच रात्री माझ्या हातून एक मोठी चूक होता होता राहिली. पॅरासिटामॉलचे प्रमाण वजनावर ठरते, एका वेळेस किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, आणि दोन डोसांत निदान चार ते सहा तासांचे अंतर. माझी लेक ९ किलोची असल्यामुळे ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेले सिरप तिला ५ मिलिलिटर द्यायचे, हे मला पाठ झाले होते. पण जवळच्या औषधांच्या दुकानातून घाईत आणलेली नवी बाटली ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅमची होती. रंग जवळजवळ तोच आणि खोकेही सारखेच. माप भरून झाल्यावर केवळ झाकण लावताना लेबलाकडे लक्ष गेले, नाहीतर दुपटीहून जास्त औषध तिच्या पोटात गेले असते. एवढीशी मुले असलेल्या प्रत्येक घरात मी हे हात जोडून सांगते, की किती मिलिलिटर हे लक्षात ठेवून भागत नाही, बाटलीवरचे मिलिग्रॅम दर वेळी वाचावे लागतात.

पुढचे तीन दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनांत, दुधाच्या हिशेबाशेजारी, मी वेळ, ताप आणि औषध लिहीत गेले. सकाळी १००, संध्याकाळी पुन्हा १०३. पहिल्या सकाळी मी सुटकेचा श्वास सोडला होता आणि संध्याकाळी रडकुंडीला आले होते. शरीराचे तापमान निरोगी माणसातही पहाटे सर्वांत कमी आणि दुपार कलल्यावर सर्वांत जास्त असते, त्यामुळे आजारपणातली ही चढउतार त्या रोजच्या लाटेवरच स्वार झालेली असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. डॉक्टर मात्र आकड्यापेक्षा वेगळेच विचारत होते: औषधाने ताप थोडा खाली आला की ती खेळते का, पाणी आणि पेज घेते का, डायपर किती वेळाने ओला होतो, नजरेला नजर देते का? १०३ ताप असून ताप कमी होताच वाटी आपटत बसणारे मूल आणि १००.५ ताप असून मान टाकून पडलेले मूल यांत दुसऱ्याला आधी दाखवावे, हा त्यांचा शब्द मी मनात कोरून ठेवला आहे.

चौथ्या दिवशी दुपारी ताप ९७ वर आला. सासूबाईंनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली आणि घरात प्रथमच नीट स्वयंपाक झाला. डॉक्टरांचा सूर मात्र तेव्हाच गंभीर झाला. मुंबईच्या पावसाळ्यात डेंग्यूची शक्यता धरूनच चालावे लागते, आणि डेंग्यूत धोक्याचा काळ पुष्कळदा ताप उतरतानाच, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसांत, सुरू होतो. रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागतो आणि वरवर मूल बरे झाल्यासारखे दिसते. डेंग्यूची ही शक्यता धरूनच त्यांनी पहिल्या दिवसापासून पॅरासिटामॉलखेरीज तापाचे दुसरे कोणतेही औषध देऊ दिले नव्हते. सारख्या उलट्या, पोटात दुखणे, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, गार व चिकट हातपाय, अस्वस्थपणा, सुस्ती, यांतले काहीही दिसले तर रात्र असो वा पाऊस, रुग्णालय गाठायचे होते.

ती रात्र मी तिच्या अंगठ्याशी बसून काढली. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे नख हलकेच दाबायचे, ते पांढरे पडते, आणि सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवे. दर तासाला मी मोबाइलच्या उजेडात ते इवलेसे नख दाबत होते आणि दर वेळी ते लगेच गुलाबी होत होते. पहाटे चारला तिने डायपर भिजवला, तेव्हा मला भरून आले.

सकाळी पोटावर आणि पाठीवर बारीक गुलाबी पुरळ उमटले. रक्ताच्या तपासणीत प्लेटलेट ठीक निघाले, डेंग्यू आणि मलेरिया दोन्ही नव्हते. हा रोझिओला, तीन ते पाच दिवस कडक ताप आणि तो गेल्यावर पुरळ देणारा, दोन वर्षांच्या आतल्या मुलांत नेहमी आढळणारा विषाणूचा आजार, असे निदान झाले. त्यानंतरचे दोन दिवस काखेत ९६.५च्या आसपास आकडा येत राहिला आणि मी पुन्हा धास्तावले. काखेतले माप तोंडातल्यापेक्षा कमीच येते, मूल उबदार असून खातेपिते आहे तर आता मोजणे थांबवा, असे डॉक्टरांनी सांगितले, तरी मला थांबायला आणखी एक दिवस लागला. २५०च्या बाटलीवर मी लाल मार्करने मोठा आकडा लिहिला आहे आणि ती आता फडताळाच्या वरच्या कप्प्यात, एकटीच ठेवलेली आहे.