खिडक्या नसलेली मेट्रो

लंडनच्या पहिल्या ट्यूबच्या, म्हणजे जमिनीखाली खोल गोल बोगद्यातून धावणाऱ्या मेट्रोच्या, डब्याचा आतला फोटो पहिल्यांदा बघितला तेव्हा मला तो रेल्वेचा डबा वाटलाच नाही. दोन्ही बाजूंना समोरासमोर लांबलचक बाकं, त्यांची गादीची पाठ पार वरपर्यंत गेलेली, आणि खिडकी म्हणाल तर छताच्या खाली काचेची एक बारीकशी पट्टी, बस. तेव्हापासून हा डबा डोक्यातून जात नाहीये, म्हणून आज लिहायला बसलो.

लाईनचं नाव सिटी अँड साऊथ लंडन रेल्वे. १८९० साली सुरू झाली, स्टॉकवेल ते किंग विल्यम स्ट्रीट, साधारण पाच किलोमीटर, सहा स्टेशनं, थेम्स नदीच्या खालून. जमिनीखालून गाड्या लंडनमध्ये १८६३ पासूनच होत्या, पण त्या वाफेच्या, रस्ता उकरून परत झाकलेल्या उथळ बोगद्यातल्या. ही खोल होती आणि विजेवर होती. जेम्स ग्रेटहेड हा तिचा इंजिनीअर, लोखंडी शील्ड, म्हणजे खणणाऱ्यांवर माती कोसळू न देणारं नळकांडं, पुढे रेटत रेटत गोल बोगदा खणायचा आणि मागे ओतीव लोखंडाच्या कड्या जोडत जायच्या ही त्याची पद्धत.

आता गंमत अशी की बोगदा खणायला घेतला तेव्हा विजेचा विचारच नव्हता. गाड्या केबलने, म्हणजे जाड पोलादी दोराने, ओढायच्या असं ठरलेलं, आणि त्याच हिशोबाने बोगद्याचा व्यास जेमतेम ३.१ मीटर ठेवलेला, चढही तसेच तीव्र. मग केबलवाली कंपनी १८८८ मध्ये बुडाली आणि काम अर्ध्यात असताना विजेवर जायचं ठरलं. म्हणजे आधी बोगदा आणि मग त्यात मावेल अशी गाडी! मला वाटतं या गाडीबद्दलच्या निम्म्या गोष्टी या एका वाक्यातच आहेत.

इंजिनं मँचेस्टरच्या मॅथर अँड प्लॅटने केली, पहिल्या खेपेला चौदा. छोटी, बुटकी, प्रत्येकात दोन मोटरी, आणि मोटरचा फिरणारा भाग थेट चाकाच्या आसावरच बसवलेला, मध्ये गिअर नाहीच, त्यामुळे झिजायला आणि खडखडायला एक गोष्ट कमी. ब्रेक हवेचे, पण इंजिनात कॉम्प्रेसर नव्हता, स्टॉकवेलला टाक्यांमध्ये हवा भरून घ्यायची आणि फेरी मारून यायचं. वीजही स्टॉकवेललाच तयार व्हायची आणि ती पुरायची नाही, टोकाला पोचेपर्यंत व्होल्टेज पडायचं, दिवे मंद व्हायचे, आणि किंग विल्यम स्ट्रीटच्या अलीकडचा चढ कधीकधी गाडीला चढताच यायचा नाही, मग मागे येऊन परत जोर लावायचा. शेवटी १९०० मध्ये ते स्टेशनच बंद केलं आणि लाईन दुसऱ्या वाटेने मूरगेटला नेली.

डबे मात्र वेगळ्या कंपनीचे, ॲशबरी म्हणून. एका इंजिनामागे तीन डबे, डब्यात ३२ माणसं. बोगद्यात बघायला काही नाही तर खिडक्या कशाला, असा साधा हिशोब होता. कागदावर तो बरोबरच वाटतो हो. पण खिडकी काय फक्त देखावा बघायला असते का? आपण कुठे आहोत, गाडी थांबली ती स्टेशनात की मध्येच, हे कळायला नको? म्हणून डब्यांच्या टोकाला असलेल्या फाटकावर एक माणूस उभा असायचा आणि तो स्टेशनचं नाव ओरडून सांगायचा. लोकांनी या डब्यांना पॅडेड सेल म्हणायला सुरुवात केली, म्हणजे वेड्यांच्या इस्पितळातली गाद्या ठोकलेली खोली. पुढच्या डब्यांना नीट खिडक्या आल्या.

गिअर नसलेल्या मोटरीचं पुढे काय झालं तेही सांगायलाच हवं. १९०० मध्ये सेंट्रल लंडन रेल्वे आली, तिची इंजिनं अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडून, मोटरी तशाच आसावर, पण इंजिन ४४ टनांचं! त्यातलं बरंचसं वजन स्प्रिंगवर नव्हतंच, सरळ रुळांवर आदळत होतं, आणि वरच्या घरांमध्ये हादरे जाणवायला लागले. तक्रारी झाल्या, सरकारी चौकशी समिती बसली. उत्तर शिकागोत आधीच सापडलेलं होतं. तिथे फ्रँक स्प्रेग या इंजिनीअरने १८९७ मध्ये इंजिनच काढून टाकलेलं, मोटरी डब्यांखालीच वाटून दिल्या आणि सगळ्या एका ड्रायव्हरच्या हातात आणल्या. सेंट्रल लंडनने १९०३ पर्यंत इंजिनं काढून तसे डबे घेतले, आणि आजची जवळपास प्रत्येक मेट्रो त्याच पद्धतीने धावते.

आपली जुनी लाईन मात्र अरुंद बोगद्यामुळे अडकली ती अडकलीच. १९२० च्या दशकात बोगदे रुंद करेपर्यंत तिथे ती बुटकी इंजिनंच डबे ओढत राहिली.

त्या पहिल्या डब्यांपैकी ३० नंबरचा डबा लंडनच्या ट्रान्सपोर्ट म्युझियममध्ये जपून ठेवलाय. मला एकदा त्याच्यासमोर जाऊन उभं राहायचंय, आणि जमलं तर दार लावून त्या बाकावर बसायचंय, बाहेरून कुणीतरी "ओव्हल स्टेशन" म्हणून ओरडेपर्यंत.