कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलण्याआधी तो तपासून घ्या

गेल्या महिन्यात विजापूर रस्त्याने घरी येत असताना माझ्या बीएस-४ पेट्रोल गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्यावर पी०४२० हा कोड दिसला आणि फिटरने लगेच सांगितले, "मालक, कॅट गेलाय, नवीन टाकावा लागेल." कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, इंजिनाच्या धुरातले विषारी वायू कमी घातक करणारा सायलेन्सरच्या नळीतला भाग. आतल्या प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या धातूंमुळे तो महाग पडतो, म्हणून मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली.

हा कोड नेमका काय सांगतो, हे आधी समजून घ्यायला हवे. कन्व्हर्टरच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. इंजिन नीट तापले की माझ्या गाडीतल्या पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ व्होल्ट यांच्या दरम्यान सतत खालीवर होतो. परंतु चांगला कन्व्हर्टर ऑक्सिजन साठवतो आणि लागेल तसा सोडतो, त्यामुळे मागच्या सेन्सरचा आकडा ०.६ ते ०.७ च्या आसपास जवळजवळ स्थिर राहतो. मागचा सेन्सरही पुढच्यासारखा हलू लागला की गाडीचा संगणक कन्व्हर्टरला दोषी ठरवतो. दोष मात्र सेन्सरचा किंवा सायलेन्सरच्या गळतीचाही असू शकतो.

स्कॅनरवर माझा मागचा सेन्सर अधूनमधून एकदम खाली येत होता, सतत नव्हे. म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे, इंजिन पूर्ण थंड असताना, गाडी सुरू करून आम्ही खाली वाकून पाहिले. कन्व्हर्टर आणि मागचा सेन्सर यांच्यामधल्या जोडावर काजळीचा काळा पट्टा होता आणि जवळ हात नेल्यावर फुसफुस करत येणारी हवा तळहाताला स्पष्ट जाणवत होती. धुराच्या दोन ठोक्यांमध्ये तिथूनच बाहेरची हवा आत ओढली जात होती आणि तिच्यातल्या ऑक्सिजनमुळे मागच्या सेन्सरचा आकडा पडत होता. (हे थंड इंजिनावरच करावे. तापलेला कन्व्हर्टर काही शे अंश तापमानाचा असतो. मंगळवेढ्याकडे रस्त्यालगत कडबा पडलेला असतो, त्यावर गाडी कधीही उभी करू नये.)

इन्फ्रारेड थर्मामीटरने कन्व्हर्टरच्या पुढचे आणि मागचे तापमान मोजण्याची पद्धत बरेच जण सांगतात: आत वायू जळतात, म्हणून मागचे जास्त असेल तर तो चांगला. मात्र आजच्या इंजिनातून मुळातच कमी कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडत असल्यामुळे हा फरक फसवा ठरतो, आणि केवळ त्यावरून निर्णय घेणे मला पटत नाही. गाडीचा पिकअप गेला असेल, तर कन्व्हर्टर चोंदला आहे का हे व्हॅक्यूम गेजवर (इंजिन हवा किती जोराने ओढते हे दाखवणाऱ्या मापकावर) पाहावे: इंजिन २५०० आरपीएमवर धरल्यावर काटा हळूहळू उतरत गेला, तर धुराची वाट अडली आहे असे समजावे. रबरी हातोडीने हलके ठोकल्यावर आत खुळखुळ वाजले, तर सिरॅमिकची जाळी तुटलेली आहे. कन्व्हर्टर खरोखरच गेला असेल, तरी तो का गेला हे शोधल्याशिवाय नवा बसवू नये. इंजिन मिसिंग मारत असेल, तर न जळलेले पेट्रोल आत जाऊन पेटते आणि नवी जाळीही वितळते.

आम्ही गळणाऱ्या जोडाचे पॅकिंग बदलले, कोड पुसला आणि पुणे महामार्गावरून मोहोळपर्यंत जाऊन परत आलो. मागचा सेन्सर स्थिर राहिला. पीयूसीमध्ये कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के या मर्यादेच्या बराच खाली आला. फिटरने जुने पॅकिंग माझ्या हातात ठेवले. त्याची एक कड नखाएवढी जळून गेलेली होती.